दातांना तारा लावल्यानंतरचे पहिले दिवस: दुखणं, चावणं आणि जेवण

तारा लावून घरी गेलेल्या पेशंटचा फोन सहसा त्याच दिवशी येत नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, आणि बहुतेक वेळा आईचा असतो. "काल काहीच त्रास नव्हता डॉक्टर, रात्री जेवलासुद्धा. आज मात्र पोळीचा घास चावता येत नाही म्हणतोय. तार जास्त घट्ट झाली का?" तार घट्ट झालेली नसते. दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं, ते ठरल्यासारखंच. मात्र हे कुणी आधी सांगितलं नसेल, तर घरातले सगळे घाबरतात आणि पेशंट तर "काढूनच टाका" असं म्हणायला लागतो.

तारा म्हणा, क्लिप म्हणा किंवा ब्रेसेस, पहिले आठ-दहा दिवस सगळ्यांना थोडेफार जड जातात. त्या दिवसांत नेमकं काय होत असतं, काय खावं, कोणती गोळी घ्यावी आणि कुठलं दुखणं नेहमीचं नाही, हे समजून घेऊ.

दुसऱ्या दिवशीच जास्त का दुखतं?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंचं एक आवरण असतं, साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचं. दात या आवरणाच्या आधाराने हाडात टांगलेला असतो. आपण चावतो तेव्हा बसणारा धक्का हीच गादी झेलते, आणि दाताखाली खडा आला की क्षणात कळतं तेही तिच्यातल्या मज्जातंतूंमुळे.

तारेने दातावर हलका दाब दिला की एका बाजूचे तंतू दबतात आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. दबलेल्या भागात रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथल्या पेशी प्रोस्टाग्लॅन्डिनसारखी रसायनं सोडतात. ही रसायनं दोन कामं करतात. दबलेल्या बाजूचं हाड विरघळवणाऱ्या पेशींना ती बोलावून आणतात, म्हणून दाताला सरकायला जागा मिळते. आणि ती मज्जातंतूंना हळवं करतात, म्हणून दुखतं. दात सरकणं आणि दात दुखणं या दोन्हींची सुरुवात अशी एकाच ठिकाणी होते.

ही सगळी प्रक्रिया सुरू व्हायला काही तास लागतात. म्हणून क्लिनिकमधून बाहेर पडताना फक्त 'तोंडात काहीतरी भरल्यासारखं' वाटतं. दुखणं साधारण 4 ते 6 तासांनी सुरू होतं, 24 तासांच्या आसपास सर्वांत जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरायला लागतं आणि आठवडाभरात बहुतेकांचं थांबतं. पुढे दर 4 ते 8 आठवड्यांनी तार बदलली किंवा घट्ट केली की एक-दोन दिवस पुन्हा ठणकतं, पण सहसा पहिल्या वेळेइतकं नाही.

इथे एक बारकावा आहे. दुखणं दोन प्रकारचं असतं: काही न करताही जाणवणारा ठणका, आणि फक्त दात दातावर आला की येणारी कळ. ठणका लवकर जातो, चावतानाची कळ मागे रेंगाळते. पाचव्या दिवशी मुलगा हसत-खेळत असतो आणि ताटावर बसला की तोंड वाकडं करतो, तेव्हा तो नाटक करत नसतो.

अगदी उलट काळजी करणारेही असतात. "मैत्रिणीला खूप दुखलं, मला काहीच नाही, म्हणजे माझे दात सरकत नाहीत का?" दुखण्यावरून दात किती सरकतोय हे ठरत नाही. दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतात, ज्याला दुखतं त्याचेही आणि ज्याला दुखत नाही त्याचेही. दाब वाढवून ते दुप्पट वेगाने सरकत नाहीत. म्हणून 'डॉक्टर, एकदाच घट्ट करा, लवकर संपवू' ही विनंती कुणी मान्य करत नाही.

काहींना तारा लावण्यापूर्वी आठवडाभर दाढांच्या फटीत छोट्या रबरी रिंगा बसवतात. त्यांना सेपरेटर म्हणतात. दाढेभोवती धातूचा पट्टा बसवायला जागा करणं एवढंच त्यांचं काम. फटीत मेथीची काडी किंवा मटणाचा तंतू अडकून बसावा तसं वाटतं आणि पहिले दोन-तीन दिवस दाढांनी चावणं नकोसं होतं. तिथे टूथपिक किंवा दोरा घालून उकरू नका, रिंग निघून येईल.

दुखणं कमी करण्यासाठी

सर्वांत सोपा उपाय गार पाणी. सुरुवातीला लावल्या जाणाऱ्या बहुतेक तारा निकेल-टायटॅनियमच्या असतात आणि त्या तापमानानुसार वागतात: गारव्यात थोड्या नरम पडतात, उष्णतेने पुन्हा ताठ होतात. म्हणून गार पाण्याचा घोट तोंडात धरल्यावर जे बरं वाटतं, त्यात निव्वळ बधिरपणा नसतो. तेवढ्या वेळापुरता तारेचा दाबही कमी होतो. आणि वाफाळता चहा प्यायल्यावर ठणका वाढल्यासारखा वाटला, तर तोही भास नाही. गार ताक, गार दूध, फ्रिजमधलं दही चालेल. बर्फ मात्र चघळायचा नाही, त्याने ब्रॅकेट निघतं.

गोळी घ्यायला हरकत नाही. 'औषधाशिवाय सहन करावं' असा आग्रह घरातल्या मोठ्यांनी धरू नये. पहिले दोन दिवस गोळी घेऊन मूल जेवलं आणि झोपलं, तर तेच चांगलं. आम्ही आधी पॅरासिटामॉल सुचवतो. मुलांसाठी तिचं प्रमाण वजनावर ठरतं: दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर, आणि 24 तासांत 4 पेक्षा जास्त डोस नाहीत. 30 किलोच्या मुलाला एका वेळी 300 ते 450 मिलिग्रॅम पुरतात. सर्दी-तापाच्या अनेक तयार गोळ्यांत आणि सिरपमध्ये पॅरासिटामॉलच असतं. मूल तसलं काही आधीच घेत असेल, तर डोस नकळत दुप्पट होतो. लेबल वाचा. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा.

पहिला डोस दुखायला लागण्याआधी, म्हणजे तारा लावायच्या तासभर आधी किंवा घरी पोचल्यावर लगेच दिला, तर जास्त उपयोग होतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा डोस नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी दिला, की निदान उपमा तरी पोटात जातो.

आयबुप्रोफेननेही दुखणं थांबतं, पण ते प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होणंच कमी करतं, आणि दात सरकायला तर त्यांची गरज असते. एखाद-दुसऱ्या डोसाने उपचार अडत नाहीत, मात्र आठवडाभर रोज घेण्याचं ते औषध नव्हे. अ‍ॅसिडिटी-अल्सर, दमा, किडनीचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात अजून एक गोष्ट लक्षात ठेवा: सोबत ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळायची. 16 वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅस्पिरिन तसंही देत नाहीत.

लवंगेचं तेल? घरोघरी असतं म्हणून हे सांगावं लागतं. ते किडलेल्या दाताच्या खड्ड्यात लावतात. इथे दुखणं मुळाभोवतीच्या आवरणात आहे, तिथवर तेल पोचतच नाही. हिरडीवर तसंच चोळलं तर मात्र भाजल्यासारखी जखम होते.

गाल आणि ओठ सोलवटतात तेव्हा

हे दुखणं वेगळं. इथे दात नव्हे, कातडी दुखते. ब्रॅकेटच्या कडा गालाच्या आणि ओठांच्या आतल्या बाजूला घासतात, तिथे पांढरे फोड येतात, आणि ते बऱ्याचदा पहिल्या आठवड्याच्या शेवटी येतात, म्हणजे दात दुखायचे थांबतात तेव्हा. दोन-तीन आठवड्यांत आतली त्वचा सरावते.

तोपर्यंत ऑर्थोडॉन्टिक मेण हा खरा मित्र. तारा लावताना छोटी डबी मिळाली नसेल तर मागून घ्या. वापरण्याची रीत मात्र नीट लक्षात घ्या, कारण 'मेण चिकटतच नाही' ही तक्रार फार येते. आधी दात घासा. जे ब्रॅकेट टोचतंय ते कापसाने किंवा स्वच्छ रुमालाच्या टोकाने कोरडं करा. ओल्यावर मेण बसत नाही. वाटाण्यापेक्षा लहान तुकडा बोटांत मळून गोळी करा, ब्रॅकेटवर दाबा आणि कडांनी सपाट करा. जेवताना काढा, नंतर नवीन लावा. झोपेत थोडं गिळलं गेलं तर काही होत नाही.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरली की फोड लवकर बरे होतात. जेवणात तिखट आणि आंबट थोडे दिवस बेताने. लोणचं आणि ठेच्याला एक आठवडा सुट्टी.

तारेचं मागचं टोक गालात घुसत असेल तर नवीन पेन्सिलचं खोडरबर धुऊन त्याने टोक हलकेच दाताकडे वळवून बघा. वळलं नाही तर त्यावर मेणाची मोठी गोळी लावा आणि क्लिनिकला फोन करा. घरातली पक्कड किंवा नेलकटर घेऊन तार कापू नका; तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. क्लिनिकमध्ये हे दोन मिनिटांचं काम असतं.

चावता येत नाही, मग खायचं काय?

आपल्या स्वयंपाकघरात याची उत्तरं भरपूर आहेत, त्यासाठी आठवडाभर आइस्क्रीम आणि नूडल्सवर राहायची गरज नाही. पहिले दोन-तीन दिवस जिभेने टाळूवर दाबून मोडेल असं खायचं: मऊ गुरगुट्या भात, वरण आणि तूप, मुगाची पातळ खिचडी, पेज, नाचणीची आंबील, दहीभात, शिकरण, रव्याची खीर, मऊ उपमा. तिसऱ्या दिवसापासून इडली सांबारात बुडवून, पिठलं-भात, मऊ ऑम्लेट, कुस्करलेलं पनीर, नीट शिजलेला दुधी किंवा लाल भोपळा, काटे काढलेला मऊ मासा. भाकरीवाल्या घरांत काळजीच नाही. ज्वारीची भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाणं हे आजीचे दात गेल्यावरही चालत आलेलं आहे, ते नातवालाही चालतं.

मऊ जेवणात एक कमतरता राहते: भात, रवा, दूध-साखर यांवर भर आला की प्रथिनं कमी पडतात. वाढीच्या वयातल्या मुलांचं या आठवड्यात वजन थोडं उतरतं, मुळात बारीक असणाऱ्यांचं जास्त दिसतं. म्हणून वरण घट्ट ठेवा, खिचडीत डाळीचं प्रमाण वाढवा, दही, अंडं, पनीर यांपैकी काहीतरी रोज पोटात जाऊ द्या. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खायला द्या. दोन आठवड्यांनंतरही मूल फक्त पातळच खात असेल, तर 'सवय होईल' म्हणत बसू नका, दाखवायला आणा.

शाळेच्या डब्याचं वेगळं बघावं लागतं. सुट्टी वीस मिनिटांची, आणि चिडवणारे चौघे शेजारी. पोळी-भाजीचा डबा तसाच परत येतो आणि मूल दिवसभर उपाशी राहतं. या दिवसांत डब्यात चमच्याने पाच मिनिटांत संपेल असं काही द्या, आणि सोबत पाण्याची मोठी बाटली. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरली की तारेत अडकलेलं निम्मं निघून जातं. शक्य असेल तर तारा शनिवारी लावून घ्या. सर्वांत वाईट दिवस मग रविवारी घरीच जातो.

तारा लावलेल्या मोठ्यांपैकी ज्यांना मधुमेह आहे त्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. पेज, शिकरण, मऊ भात यांनी साखर झपाट्याने चढते. उलट, दुखतंय म्हणून जेवण टाळलं आणि इन्सुलिन किंवा गोळी मात्र नेहमीसारखी घेतली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. तारा लावण्याची तारीख ठरली की तुमच्या फिजिशियनला सांगा, त्या आठवड्याचा डोस आधीच ठरवून ठेवा. मुगाचं धिरडं, घट्ट वरण, ताक, अंडं हे पेजेपेक्षा बरे पर्याय.

पुन्हा चावायला शिकणं

तारा लावल्यावर वरचे-खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत. जबड्याला वर्षानुवर्षांची सवय असते, ती मोडते. त्यामुळे दुखत नसतानाही घास 'सापडत नाही', गाल चावला जातो, जेवायला दुप्पट वेळ लागतो. यावर उपाय साधे आहेत. घास नेहमीच्या अर्धा घ्या. समोरच्या दातांनी तोडू नका. पोळीचे हाताने लहान तुकडे करा, सफरचंद आणि पेरूच्या पातळ फोडी करा, आणि घास थेट दाढांवर ठेवा. शक्यतो दोन्ही बाजूंनी चावा. दुखतं म्हणून एकाच बाजूने चावत राहिलं की तिकडचा जबडा दुखायला लागतो.

काहींच्या दाढांवर किंवा पुढच्या दातांमागे निळ्या किंवा दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे बसवलेले असतात. तोंड पूर्ण मिटत नाही, फक्त दोन ठिकाणी दात टेकतात, आणि पेशंटला वाटतं सिमेंट चुकून राहिलं. ते मुद्दाम लावलेलं असतं, खालचे ब्रॅकेट वरच्या दातांनी तुटू नयेत म्हणून. खरं सांगायचं तर यांचा त्रास तारेपेक्षा जास्त होतो आणि आम्ही त्याबद्दल आधी पुरेसं बोलत नाही. आठ-दहा दिवसांत जबडा नवी पद्धत शिकतो. ते नखाने किंवा चमच्याने खरवडू नका.

ठणका कमी झाला की मात्र चावायला सुरुवात करायलाच हवी. हलकं चावल्याने दबलेल्या आवरणातलं रक्ताभिसरण सुधारतं आणि पुष्कळांना बरंही वाटतं. महिनाभर खिचडी हा उपाय नव्हे.

पण काही गोष्टी तारा असेपर्यंत, म्हणजे साधारण दीड ते दोन वर्षं, बंदच: चिक्की, ऊस, सुपारी, फुटाणे, अक्खे शेंगदाणे, कडक बुंदीचा आणि डिंकाचा लाडू, चिकट टॉफी. कणसाचे दाणे काढून खा, बोरं आणि खजूर बी काढून. सणांना घासाघीस होतेच. संक्रांतीच्या तिळाच्या वडीऐवजी मऊ गुळाची पोळी, गणपतीत तळलेल्या मोदकाऐवजी उकडीचा मोदक; यात तोटा झाला असं मला तरी वाटत नाही. चकलीला मात्र पर्याय नाही. ब्रॅकेट तुटलं की तो दात तेवढे दिवस सरकायचा थांबतो, आणि उपचार लांबतात.

दाताच्या रंगाचे ब्रेसेस असतील तर त्यांवरची पारदर्शक रबरं हळदीने पिवळी पडतात. ती पुढच्या भेटीत बदलली जातात, म्हणून वरण सोडायची गरज नाही.

दुखतं म्हणून ब्रश सोडू नका

मऊ जेवण तारेला चिकटून राहतं, आणि नेमकं याच दिवसांत मुलं ब्रश टाळतात. ब्रॅकेटभोवती साचलेल्या किटणामुळे दाताचा पृष्ठभाग विरघळून पांढरे डाग पडू शकतात. ते महिनाभरातही दिसायला लागतात आणि तारा निघाल्यावर पूर्ण जातीलच असं नाही. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, तारेच्या वरून आणि खालून तिरका कोन. रात्रीचं ब्रश कोणत्याही परिस्थितीत चुकवायचं नाही. हिरडीतून थोडं रक्त आलं तरी घासायचं; न घासल्याने ते वाढतं.

रबर बँड लावायला सांगितले असतील तर

वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अडकवायचे रबर बँड पहिले दोन-तीन दिवस चांगलेच दुखवतात. मग मूल दिवसा काढून ठेवतं आणि रात्री लावतं. असं केलं की दात दिवसभरात मागे येतो आणि रोज रात्री पहिल्या दिवसाचं दुखणं नव्याने सुरू होतं. सांगितलं तितके तास सलग लावले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास संपतो. लवकर व्हावं म्हणून एकाऐवजी दोन लावणं हाही घातक उत्साह.

डॉक्टरांना कधी कळवायचं?

दात किंचित हलल्यासारखे वाटणं नेहमीचं आहे. पण दुखणं चौथ्या-पाचव्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढत असेल, दहा दिवसांनीही घास चावता येत नसेल, एकच दात रात्री ठणकून झोपेतून उठवत असेल किंवा गरम लागताच कळ येऊन ती रेंगाळत असेल, तर ते तारेचं दुखणं नसू शकतं. दाताची नस तपासावी लागते. दोन आठवड्यांत न भरणारा फोड आणि ओठांभोवती खाजरं पुरळ हेही दाखवा. क्वचित कुणाला निकेलची अ‍ॅलर्जी असते. गालावर किंवा हिरडीवर सूज, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी जा. सूज जबड्याखाली पसरत असेल, गिळता येत नसेल किंवा तोंड उघडत नसेल, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

सुटलेलं ब्रॅकेट गिळलं गेलं तर बहुतेक वेळा ते शौचावाटे निघून जातं; तरी क्लिनिकला कळवा. पोटात दुखलं किंवा उलट्या झाल्या तर तपासून घ्या. मात्र ते तोंडातून नाहीसं झाल्यावर सतत खोकला, शिट्टीसारखा आवाज किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर ते श्वासनलिकेत गेलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी दातांच्या डॉक्टरांकडे नव्हे, थेट हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या. 108 वर फोन केला तर रुग्णवाहिका मिळते.